मुक्तस्रोत प्रकल्पाला हातभार लावायचा आहे. सुरुवात नेमकी कोठून करावी?

जुळारी
नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात अक्षरजुळणीचा व्यवसाय करतो. दिवाळी अंक, गौरवग्रंथ, शाळांच्या स्मरणिका असे काम असते आणि गेली अनेक वर्षे ते लिबरऑफिस, इंकस्केप व स्क्रायबस या मुक्तस्रोत, म्हणजे मूळ कोड सर्वांना खुला असलेल्या, साधनांवरच चालते. परवान्यापोटी एक रुपयाही न देता ज्यांच्यावर व्यवसाय उभा राहिला, त्या साधनांसाठी आपणही काही करावे असे मनापासून वाटते. मात्र मला प्रोग्रामिंग येत नाही. अशा माणसाने नेमके काय करावे आणि कोणाकडे जावे?

विचारण्याचे तातडीचे कारणही सांगतो. मुक्त परवान्याचा एक फॉन्ट मी वापरतो. त्यात काही लेखकांच्या मजकुरातील ‘दऱ्या’, ‘वऱ्हाड’ हे शब्द अगदी नीट दिसतात. परंतु दुसऱ्या काही लेखकांच्या मजकुरात तेच शब्द आले की र खाली टिंब येते, त्याचा पाय मोडलेला दिसतो आणि पुढचे अक्षर सुटे पडते. हा लिबरऑफिसचा दोष असावा असे मला वाटते. तो कळवायचा कसा?

नीरक्षीर
जुळारी, तुमच्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर बहुधा एकच निघेल, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

पडद्यावर एक जोडाक्षर उमटते तेव्हा त्यामागे निदान तीन निरनिराळे प्रकल्प काम करत असतात. मजकूर सांभाळणारे लिबरऑफिस हा पहिला. अक्षरांच्या क्रमावरून कोणती आकृती कोठे बसवायची हे ठरवणारे हार्फबझ हे दुसरे. लिबरऑफिसने २०१७ मधील ५.३ या आवृत्तीपासून सर्व संगणकप्रणालींवर तेच वापरायला घेतले. तिसरा म्हणजे फॉन्ट, ज्याच्या पोटात आकृत्या आणि त्या जोडण्याचे नियम असतात. तक्रार चुकीच्या दारी नेली तर ती तेथून पुढे पाठवण्यात सर्वांचाच वेळ जातो. म्हणून दोष कोणत्या थरात आहे हे आधी पाहा.

पाहण्याची रीत सोपी आहे. तोच फॉन्ट आणि तोच मजकूर फायरफॉक्समध्ये उघडा. फायरफॉक्सही हार्फबझच वापरतो, त्यामुळे तेथे सर्व नीट दिसले तर संशय लिबरऑफिसवर येतो. तेथेही बिघडलेले दिसले तर विंडोजच्या नोटपॅडमध्ये पाहा, कारण तेथे अक्षरजोडणीचे यंत्र मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे आहे. तिन्हीकडे सारखेच बिघडत असेल आणि दुसरा फॉन्ट निवडताच सगळीकडे सुधारत असेल, तर दोष फॉन्टचा समजायला हरकत नाही.

काही लेखकांचा मजकूर नीट आणि काहींचा बिघडलेला, हे तुमचे निरीक्षण फार मोलाचे आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक प्रमाणकात, हा अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो. ऱ हे स्वतंत्र अक्षर (यू+०९३१) घेऊन त्याला हलन्त जोडणे ही एक पद्धत. साध्या र ला हलन्त जोडून पुढे ‘झीरो विड्थ जॉइनर’ हे अदृश्य चिन्ह ठेवणे ही जुनी पद्धत. प्रमाणकाला दोन्ही मान्य आहेत. कोणता कळफलक वापरला त्यावर फाइलमध्ये काय जाते ते ठरते, आणि वाचणाऱ्याला मात्र फरक दिसू नये अशी अपेक्षा असते. तुमच्या फॉन्टला यांपैकी एकच पद्धत कळत असावी असा माझा अंदाज आहे.

उंबरठा
नीरक्षीर यांची माहिती उत्तम आहे. पण मूळ प्रश्न प्रोग्रामिंग न येणाऱ्या माणसाचा आहे. त्याला पहिल्याच दिवशी तीन थर आणि दोन पद्धती सांगितल्या तर तो घाबरून परत जाईल. अशा माणसाने सरळ भाषांतरापासून सुरुवात करावी, असे मला वाटते.

सांजवात
उंबरठा, भाषांतराकडे या असे मीही सर्वांना सांगते, कारण बरीच वर्षे तेच करते आहे. मात्र ते सोपे म्हणून या, असे म्हणणार नाही.

जाण्याची ठिकाणे ठरलेली आहेत. फायरफॉक्सचे मराठीकरण मोझिलाच्या पाँटून या संकेतस्थळावर चालते, लिबरऑफिसचे वेबलेटवर, आणि विकिपीडिया ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतो तिचे ट्रान्सलेटविकीवर. पाँटूनवर नवीन सदस्याचे भाषांतर आधी सूचना म्हणून नोंदले जाते. अधिकार असलेला जुना सदस्य ते तपासून स्वीकारतो. या तपासणीला वेळ लागतो, कारण मराठीसाठी तपासणारे हात थोडे आहेत. नव्याने येणाऱ्यांनी काही महिने टिकून राहून स्वतः तपासनीस व्हावे, ही आज सर्वांत मोठी गरज आहे.

कामाचे स्वरूप कळावे म्हणून एकच उदाहरण देते. मीडियाविकीच्या संदेशांत पानाचे किंवा सदस्याचे नाव ज्या जागी येणार, तेथे डॉलरचे चिन्ह आणि क्रमांक असतो. इंग्रजीत त्या खुणेच्या मागेपुढे शब्द ठेवले की काम भागते. मराठीत विभक्ती लागली की नामाचे सामान्यरूप होते आणि यंत्राला ते करता येत नाही. ‘$१वर’ असे लिहिले तर ‘पुणेवर’ असे काहीतरी उमटते. म्हणून ‘$१ या पानावर’ अशी रचना करावी लागते. लिंगाचेही तसेच आहे. ‘अमुकने पान बदलले’ या वाक्यात क्रियापद पानाप्रमाणे चालते, त्यामुळे सदस्य स्त्री आहे की पुरुष हे कळण्याची गरज पडत नाही. पण ‘सामील झाला’ की ‘सामील झाली’ हे ठरवण्यासाठी लिंगभेदाची खास खूण वापरावी लागते. असे संदेश नीट बसवायला व्याकरणाची जाण लागते आणि ती अनेक उत्तम प्रोग्रामरांपाशी नसते. मराठीच्या शिक्षकांनी या कामात यावे असे मला कळकळीने वाटते.

आम्रमंजिरी
मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या महाविद्यालयात मुक्तस्रोत योगदानाला गुण आहेत, आणि गूगल समर ऑफ कोड या मुक्तस्रोत कामाच्या उपक्रमासाठी निवड व्हायची तर आधीचे काम दाखवावे लागते असे वरच्या वर्गातील मुले सांगतात. मी गिटहब या प्रकल्पांचे कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर ‘गुड फर्स्ट इश्यू’ (नवख्यांना जमेल असे काम) अशी खूण असलेली कामे शोधते. पण प्रत्येक कामाखाली ‘हे मला द्या’ असे म्हणणाऱ्यांची रांग आधीच लागलेली असते. एका ठिकाणी मी पुल रिक्वेस्ट, म्हणजे माझा बदल प्रकल्पात घ्यावा अशी विनंती, पाठवली, तिच्यावर कोणी काहीच बोलले नाही. आता काय करावे?

कातळशिल्प
मंजिरी, मी गेली काही वर्षे एक लहानसे मुक्तस्रोत पायथन ग्रंथालय (लायब्ररी, म्हणजे इतरांना आपल्या प्रोग्राममध्ये वापरता येणारा तयार कोड) सांभाळतो, त्यामुळे पलीकडच्या बाजूने लिहितो.

खुणा शोधत प्रकल्पाकडे जाऊ नका. जे साधन तुम्ही स्वतः रोज वापरता त्याच्याकडे जा, कारण त्यातील अडचण तुम्हाला कोणी सांगावी लागत नाही. अभ्यासासाठी एखादे ग्रंथालय वापरत असाल तर त्याच्या दस्तऐवजातील उदाहरणे एकेक करून चालवून पाहा. जुन्या आवृत्तीसाठी लिहिलेले आणि आता न चालणारे एखादे उदाहरण बहुधा सापडतेच. ते दुरुस्त करून पाठवलेली चार ओळींची पुल रिक्वेस्ट मी त्याच दिवशी स्वीकारतो. याउलट प्रकल्पाची ओळख देणाऱ्या वाचनिका (रीडमी) फाइलमध्ये एक विशेषण घालून किंवा एक स्वल्पविराम हलवून पाठवलेली रिक्वेस्ट आली की मला वाईट वाटते, कारण तीही उघडून वाचावी लागते आणि तो वेळ खऱ्या दोषासाठी उरत नाही.

२०२० मधील हॅक्टोबरफेस्टची गोष्ट तुमच्या वर्गात अवश्य सांगा. डिजिटलओशन ही कंपनी २०१४ पासून हा उपक्रम चालवते. ठरावीक संख्येने रिक्वेस्टी पाठवणाऱ्याला टी-शर्ट मिळत असे. त्या वर्षी निरर्थक रिक्वेस्टींचा असा पूर आला की उपक्रम चालू असतानाच नियम बदलावे लागले आणि ज्या प्रकल्पांची संमती असेल तेवढेच धरायचे असे ठरले. पूर लोटणाऱ्यांत आपल्याकडचे विद्यार्थीही मोठ्या संख्येने होते. त्यांना योग्य मार्ग कोणी दाखवला नव्हता, म्हणून मी त्यांना दोष देत नाही; पण गुणांसाठी रिक्वेस्टींची संख्या मोजणारी महाविद्यालये तीच स्थिती पुन्हा आणत आहेत, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

आता तुमच्या अडलेल्या रिक्वेस्टीविषयी. दोन आठवडे थांबा, मग एकच नम्र स्मरण द्या आणि त्यात काय तपासले ते लिहा: कोणत्या आवृत्तीवर चालवले, कोणत्या चाचण्या उत्तीर्ण झाल्या. प्रकल्पाची ‘कॉन्ट्रिब्युटिंग’ नावाची फाइल वाचली नसेल तर आधी ती वाचा. तरीही उत्तर आले नाही, तर गेल्या वर्षभरात त्या प्रकल्पात कोणाच्या रिक्वेस्टी स्वीकारल्या गेल्या ते पाहा. कोणाच्याच नसतील तर तो प्रकल्प थांबलेला आहे आणि तुमच्या कामात काही उणे नाही.

आम्रमंजिरी
मनापासून आभार. आणखी एक विचारते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाकडून दुरुस्ती लिहून घेतली तर चालते का?

कातळशिल्प
प्रत्येक प्रकल्पाचे धोरण वेगळे आहे. काहींना अजिबात चालत नाही, काहींना ते उघड सांगितले तर चालते. माझी कसोटी अशी की प्रत्येक ओळ का लिहिली, हे तपासणाऱ्याने विचारल्यावर तुम्हाला स्वतःच्या शब्दांत सांगता आले पाहिजे. इंटरनेटवर माहितीची ने-आण करणाऱ्या कर्ल या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साधनाचे निर्माते डॅनियल स्टेनबर्ग यांनी अशा साधनांकडून लिहून घेतलेल्या खोट्या सुरक्षा-अहवालांविषयी जाहीरपणे लिहिले आहे. वाचायला अगदी खरे वाटणारे आणि तपासल्यावर पोकळ निघणारे असे ते अहवाल असतात. न समजलेले काम पाठवणे म्हणजे ते समजून घेण्याचे ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवणे होय.

रोखठोक
मला थोडा वेगळा सूर लावायचा आहे. या साधनांवर अब्जावधींचा व्यवसाय करणाऱ्या कंपन्या आहेत. त्यांनी पैसे द्यावेत आणि पगारी माणसे ठेवावीत. कोल्हापूरच्या जुळाऱ्याने आणि मराठीच्या शिक्षकाने त्यांच्यासाठी फुकट का राबावे?

सह्यकडा
रोखठोक, तुमचा आक्षेप अर्धा मान्य आहे. मी लिनक्स कर्नलवर, म्हणजे लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्यावर, पगारी काम करतो. कर्नलमधील बहुतांश बदल आज कंपन्यांच्या नोकरीत असलेले लोकच करतात, त्यामुळे तेथे पैसा पोहोचलेला आहे. जेथे पोहोचत नाही तेथे काय होते, हे २०१४ मध्ये इंटरनेटवरील संवाद सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएलमधील हार्टब्लीड या सुरक्षा-दोषाने दाखवले आणि २०२४ मध्ये एक्सझेडच्या प्रकरणाने पुन्हा दाखवले. एक्सझेड हे फाइलींचा आकार लहान करणारे साधन प्रामुख्याने एकच दमलेला स्वयंसेवक सांभाळत होता. ‘जिया टॅन’ हे नाव लावणाऱ्या कोणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ चांगले काम करून त्याचा विश्वास मिळवला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदार घातले. पोस्टग्रेएसक्यूएल या माहितीसाठा-प्रणालीवर काम करणारे आंद्रेस फ्रॉइंड यांना दूरस्थ प्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे जाणवले, त्यांनी मुळाशी जाऊन शोध घेतला, म्हणून ते उघडकीला आले.

आता न पटणारा अर्धा भाग. मराठी जोडाक्षर नीट दिसावे ही कोणत्याही कंपनीची निकड नाही. ती आपली निकड आहे, आणि मुक्त परवान्यामुळे ती आपल्याला स्वतः भागवता येते. ओपनऑफिसची मालकी सन कंपनीकडून ओरॅकलकडे गेल्यावर २०१० मध्ये कार्यकर्त्यांनी वेगळे होऊन लिबरऑफिस उभे केले. आज त्याचा कारभार जर्मनीतील द डॉक्युमेंट फाउंडेशन हे धर्मादाय प्रतिष्ठान पाहते. तोवर झालेले सारे काम, भाषांतरांसह, त्यांना परवान्यामुळेच पुढे नेता आले. सांजवात यांनी आज केलेले काम उद्या कोणी कुलूपबंद करू शकणार नाही, ही माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे.

नोकरदार सदस्यांना एक सावधगिरीची सूचना. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमानुसार, वेगळा करार नसेल तर नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक हा नियोक्ता असतो. अनेक आयटी कंपन्यांची नियुक्तिपत्रे याहूनही पुढे जाऊन मोकळ्या वेळेतील कामावर हक्क सांगतात. म्हणून आपले पत्र काढून वाचा आणि गरज असेल तर लेखी परवानगी घ्या. कर्नलमध्ये प्रत्येक बदलाखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ लिहावी लागते. हे काम देण्याचा मला हक्क आहे, असे त्या ओळीने तुम्ही स्वतःच्या नावाने जाहीर करत असता. आपला कोड लिनक्समध्ये घातल्याचा आरोप करत एससीओ कंपनीने २००३ मध्ये आयबीएमवर भरलेल्या दाव्यानंतर, २००४ मध्ये ही पद्धत आली.

रोखठोक
नियुक्तिपत्राचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. कंपन्यांनी पैसे द्यावेत हे माझे म्हणणे मात्र कायम आहे.

सांजवात
त्यावर आपले दोघांचे एकमत आहे, रोखठोक. केरळचे उदाहरण येथे नोंदवते. स्वतंत्र मलयालम कम्प्युटिंग हा गट दोन दशकांहून अधिक काळ फॉन्ट, कळफलक, शुद्धलेखन-तपासनीस असे सर्व काम एका छत्राखाली करतो आहे, आणि २०१९ मध्ये ‘जनयुगम्’ या दैनिकाने आपली संपूर्ण छपाईपूर्व यंत्रणा मुक्तस्रोत साधनांवर नेली. आपल्याकडे पुण्यात रेड हॅट या कंपनीतील मंडळींनी लोहित फॉन्टांवर काम केले, मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचना संस्थेने ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे देखणे फॉन्ट खुल्या परवान्याने दिले. कामे झाली, पण वापरणारे, अक्षररचनाकार आणि प्रोग्रामर एकत्र बसतील असा टिकाऊ गट मराठीत असावा, ही इच्छा अपुरी आहे.

जुळारी
सर्वांचे आभार. नीरक्षीर यांनी सांगितले तसे करून पाहिले. लिबरऑफिस, फायरफॉक्स आणि नोटपॅड या तिन्ही ठिकाणी तोच बिघाड दिसतो आणि फॉन्ट बदलला की जातो. म्हणजे लिबरऑफिस निर्दोष आहे. ज्या मजकुरात बिघाड होतो त्यात ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे, हेही एका जाणकाराकडून तपासून घेतले. फॉन्टचा प्रकल्प गिटहबवर सापडला. तेथे टाकण्यासाठी पुढील मसुदा केला आहे. इंग्रजीत पुतण्या करून देईल. काही राहिले असल्यास सांगावे.

‘फॉन्टची आवृत्ती अमुक, विंडोज ११. कृती: “दऱ्या” हा शब्द ऱ, हलन्त, य, काना या क्रमाने लिहावा. अपेक्षित: र ची आडवी अर्धी खूण य ला जोडून दिसावी. प्रत्यक्ष: टिंब असलेला र हलन्तासह वेगळा दिसतो आणि य सुटा राहतो. र, हलन्त व जॉइनर या क्रमाने लिहिल्यास आकृती बरोबर येते. लिबरऑफिस, फायरफॉक्स आणि नोटपॅड या तिन्ही ठिकाणी परिणाम सारखाच.’

नीरक्षीर
अतिशय चांगला अहवाल झाला आहे. एक भर घाला: तोच शब्द निरोगी फॉन्टमध्ये कसा दिसतो आणि या फॉन्टमध्ये कसा दिसतो, ही दोन चित्रे शेजारीशेजारी ठेवा. फॉन्ट सांभाळणाऱ्याला मराठी वाचता येत असेलच असे नाही. आणि पाठवण्यापूर्वी बंद झालेल्या जुन्या तक्रारींतही शोध घ्या. कधीकधी दोष आधीच दुरुस्त झालेला असतो, नवी आवृत्ती बाहेर पडायची राहिलेली असते.

अक्षरवेल
मी अक्षररचनाकार आहे, म्हणून दुरुस्ती कशी असेल ते सांगते. अर्ध्या रूपांसाठी फॉन्टमध्ये ‘हाफ’ नावाचा नियमसंच असतो. त्यात र, हलन्त व जॉइनर यांसाठी नियम दिसतो आहे, ऱ आणि हलन्त यांसाठी राहिला आहे. आकृती आधीपासून तयार असल्यामुळे नवे रेखाटन लागणार नाही, एका ओळीचा नियम पुरेल. तातडी असेल तर फॉन्टफोर्ज या फॉन्ट घडवण्याच्या साधनात तुम्ही स्वतःही तो घालू शकता. मात्र ओपन फॉन्ट लायसन्सखालील फॉन्टचे नाव राखीव म्हणून घोषित केलेले असेल, तर बदललेला फॉन्ट वाटताना त्याला दुसरे नाव द्यावे लागते. मूळ प्रकल्पातच दुरुस्ती व्हावी हे उत्तम, म्हणजे सर्वांना मिळेल.

जुळारी, तुम्ही आणखी एक गोष्ट करा आणि ती तुमच्याइतकी चांगली दुसरे कोणी करणार नाही. हा अर्धा र ज्या ज्या जोडणीत येतो त्या शब्दांची यादी साध्या मजकूर-फाइलमध्ये तयार करा. अशी फाइल प्रकल्पात राहिली की पुढच्या प्रत्येक आवृत्तीच्या वेळी ती चालवून पाहता येते.

जुळारी
हे काम मला मनापासून आवडले. सुरुवात करतो: दऱ्या, वाऱ्यावर, पायऱ्या, सुऱ्या, कोपऱ्यात, वऱ्हाड, तऱ्हा, कुऱ्हाड, बिऱ्हाड, गोऱ्हा, कऱ्हा नदी, कऱ्हाड. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ ही जोडीही ठेवतो, म्हणजे रफार आणि ही खूण यांत गल्लत होते का ते कळेल.

कातळशिल्प
आमच्या कोकणातला ‘पऱ्ह्या’ घ्या. पावसाळ्यात वाहणाऱ्या लहान ओहोळाला आम्ही तसे म्हणतो. त्यात र, ह आणि य अशी तीन व्यंजने एकत्र येतात, त्यामुळे फॉन्टची खरी परीक्षा होईल.

उंबरठा
‘बऱ्यापैकी’, ‘चेहऱ्यांवर’ आणि ‘शेतकऱ्यांनो’ हेही घ्यावेत. अनुस्वार आणि मात्रा वर आल्यावर खूण कोठे सरकते ते पाहता येईल. आणि नीरक्षीर, तीन थरांची चाचणी प्रोग्रामिंग न येणाऱ्या माणसाला झेपणार नाही असे मी म्हटले होते. ते मत मी मागे घेतो.

जुळारी
अहवाल काल पाठवला आणि आज उत्तर आले. नियमाची ओळ पुढच्या आवृत्तीत घालतो असे फॉन्ट सांभाळणाऱ्यांनी लिहिले आहे. शब्दांची फाइल त्यांनी पुल रिक्वेस्टीच्या रूपात मागितली आहे. ती पाठवण्याची रीत मला येत नाही. कोणी दाखवेल का?

आम्रमंजिरी
काका, मी दाखवते. प्रकल्पाच्या पानावर उजवीकडे वर ‘फोर्क’ असे बटण आहे, ते दाबले की तुमच्या खात्यात प्रकल्पाची प्रत तयार होते. त्या प्रतीत ‘अ‍ॅड फाइल’ निवडून शब्दांची फाइल तेथेच चढवता येते, संगणकावर वेगळे काही बसवावे लागत नाही. फाइल यूटीएफ-८ या युनिकोड मजकूर साठवण्याच्या पद्धतीत जतन केलेली असू द्या. फाइल तुम्हीच चढवा, म्हणजे नोंद तुमच्या नावाने होईल. तुम्ही खाते उघडले की व्यक्तिगत निरोप पाठवा, पुढच्या पायऱ्या आपण फोनवर बोलत एकत्र करू.